गाड्या नसलेल्या वाटेवरचा आरसा

मी आरसा बोलतोय. भिंतीवरचा नाही, कपाटाच्या दाराचा नाही, पर्समधला तर मुळीच नाही. सायकलच्या हँडलला डाव्या बाजूला लावतात तो, तळहाताएवढा, गोल. माझ्यात बघून कोणी भांग पाडत नाही की टिकली लावत नाही. मागून काय येतंय ते सांगायचं, एवढीच माझी नोकरी. सध्या मुक्काम सौदीत, अल-खोबरला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एका फ्लॅटच्या बाल्कनीत.

माझ्या काचेबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. ती सपाट नाही, जरा फुगीर आहे. त्यामुळे माझ्या एवढ्याशा अंगात अख्खा रस्ता मावतो. पण जे मावतं ते आहे त्याहून लहान आणि आहे त्याहून लांब दिसतं. याला फसवणूक म्हणू नका, आम्हाला घडवतातच तसं. वापरणाऱ्याने तेवढं लक्षात ठेवायचं असतं. वापरणारे ठेवत नाहीत, हा माझा अनुभव.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो एकाच वेळी जन्मत होते, त्यामुळे बारशाबिरशाचा प्रश्न नव्हता. खोक्यात बसून, जहाजातून, दमामच्या बंदरात उतरलो आणि खोबरला कादिरभाईंच्या सायकलच्या दुकानात खिळ्याला लटकलो. कादिरभाई मूळचे दापोलीकडचे. गिऱ्हाईक इथलं असलं की अरबी, केरळचं असलं की हिंदी, आणि दुकानात कोणी नसलं की फोनवर गावाकडे बायकोशी, सकिनाभाभींशी, मराठी. माझं मराठी त्या फोनवरच झालं.

तिथे मी बरेच महिने रिकामा होतो. शेजारच्या घंट्या येणारा-जाणारा वाजवून बघायचा. मला उचलून लोक दातात काही अडकलंय का ते बघायचे आणि परत लटकवायचे. त्यात खोबरची हवा. उन्हाळ्यात समुद्रावरून असा दमट वारा येतो की तोंडावर वाफ धरते, आणि ती सुकते न सुकते तोच वर वाळूची धूळ बसते. करमणूक म्हणून मी बाहेरच्या पाट्या वाचत बसायचो. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणे. माझ्यात ती उलटी होऊन डावीकडून उजवीकडे पळायची, थेट मराठीसारखी. कळायचं काहीच नाही, पण घरच्यासारखं वाटायचं.

एका गुरुवारी संध्याकाळी उदयराव आले. उदयराव म्हणजे रास तनुराच्या रिफायनरीत सेफ्टी बघणारे इंजिनिअर, मूळचे नाशिकचे. सेफ्टीचा माणूस ओळखायला सोपा असतो. तो जिन्याचा कठडा धरल्याशिवाय एक पायरी उतरत नाही आणि दुसऱ्यालाही उतरू देत नाही. त्यांनी दुकानातली सगळी हेल्मेटं ठोकून बघितली, ब्रेकच्या तारा ओढून बघितल्या, आणि मग माझ्याकडे बोट केलं.

कादिरभाई म्हणाले, "सायेब, तुमी त कार्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर चालवनार. तिथं सायकलींची वाट येगळी, गाडी येतच नाय. आरसा कशाला पायजे?"

"असू दे. मागचं दिसलं पाहिजे."

"मंग दोन घ्या. दोनी बाजूंना लावा. लग्नाच्या गाडीवानी दिसंल."

उदयराव हसले नाहीत. मला खिशात घातलं आणि निघाले. मला वाटलं, माणूस रुक्ष आहे. कारण नंतर कळलं.

कारण असं होतं. उदयरावांच्या पत्नी पद्मजाताई घरी गणिताच्या शिकवण्या घेतात. लहानपणी त्यांच्या घरात सायकल एकच होती, ती भावाची. त्यामुळे सायकल शिकायची राहून गेली ती गेलीच. मग वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, हिवाळ्यात, इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यांनी शिकायला घेतली. मागून सीट धरायला मुलगी मुग्धा. बरेच दिवस धडपडल्यावर एका संध्याकाळी मुग्धाने हळूच हात सोडला आणि पद्मजाताई खरोखरच एकट्या चालवायला लागल्या. नेमकी त्याच वेळी एक गाडी पार्किंगमधून मागे आली. वेग मुंगीचा होता, पण मुंगीचा धक्कासुद्धा नवशिक्याला पुरतो. पद्मजाताई पडल्या, मनगट मोडलं.

गाडी उदयरावांची होती. चालवत तेच होते.

पडल्या पडल्या पद्मजाताईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "मला जमलं होतं रे. बघितलंस का?" उदयरावांनी बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर त्या पडल्या कशाला असत्या?

प्लास्टर निघालं. पद्मजाताईंनी चिडचिड केली नाही, टोमणा मारला नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, की जिथे गाड्या आहेत तिथे मी आता सायकल चालवणार नाही. आता सौदीत गाड्या नसलेली जागा शोधायची म्हणजे वाळवंटात उंटावर बसावं लागेल. पण उदयराव हट्टाला पेटले. त्यांनी कार्निशवरची सायकलींची वाट सरावासाठी ठरवली, आणि खऱ्या प्रवासासाठी थेट फ्रान्समधलं एक नदीचं खोरं शोधून काढलं. तिथे जुना रेल्वेमार्ग उखडून नदीकाठाने नुसती सायकलींची वाट केली आहे. मोटारीला बंदी. गावामागून गाव, मळ्यामागून मळा, हॉर्न नाही की इंजिन नाही. "तिथे तू एकटी, निवांत, मनासारखी चालवशील," ते म्हणाले. त्या वर्षी जुलैच्या सुट्टीत नाशिकला न जाता फ्रान्सला जायचं ठरलं. नाशिकला हे कळवायला मात्र त्यांना रिफायनरीतल्या कुठल्याही कामापेक्षा जास्त हिंमत लागली.

एक अडचण होती. खोऱ्याच्या मध्यावर एका ठिकाणी रेल्वेचा जुना पूल बंद होता. तिथे सायकलवाल्यांना वाट सोडून गाड्यांच्या पुलावरून नदी ओलांडावी लागायची. नकाशावर उदयरावांनी त्या पुलाभोवती लाल गोल काढला. "हाय रिस्क," ते म्हणाले. "तिथे तिघांनीही उतरायचं आणि चालत जायचं. मी पुढे, मुग्धा शेवटी." पद्मजाताईंनी नकाशाची घडी घालून ठेवली. पण पुढचे चार महिने अधूनमधून, भाजी चिरताना, मुलांच्या वह्या तपासताना विचारायच्या, "तो पूल कितव्या दिवशी आहे?"

असा मी हँडलवर चढलो. शुक्रवारी पहाटे कार्निशवर सराव सुरू झाला. सराव म्हणजे आधी भाषण. कामगार कामाला लागण्याआधी त्यांना गोळा करून आज काय काय धोके आहेत ते सांगायची रिफायनरीत पद्धत असते, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. उदयराव समुद्राकडे पाठ करून उभे राहायचे, समोर बायको आणि मुलगी, दोघींच्या अंगात केशरी जाकिटं. "आजचे धोके. एक, ओली फरशी. दोन, मांजरं. तीन, स्केटिंगवाली मुलं. काही झालं तर जमायचं त्या खजुराच्या झाडाखाली." मुग्धा जांभई देत म्हणायची, "बाबा, यल्ला ना, चला, ऊन वर येईल."

मग मिरवणूक निघायची. पुढे उदयराव, मध्ये पद्मजाताई, शेवटी मुग्धा. आणि उदयराव माझ्यात बघायचे. रस्त्याकडे एकदा, माझ्याकडे तीनदा. आयुष्यभर दात सोडून माझ्यात कोणी काही बघितलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला मी फार खूश झालो, खोटं कशाला बोलू. पण माझ्या फुगीर काचेत पद्मजाताई आहेत त्याहून लांब दिसायच्या, आणि हे उदयरावांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

"पद्मजा, लांब पडलीस! जरा पुढे ये!"

"अरे, तुझ्या पाठीलाच चिकटले आहे."

"आरशात तर लांब दिसतेस."

"मग आरशाला पुढे बोलाव."

दर शुक्रवारी हाच संवाद. पद्मजाताई चांगल्या चालवायला लागल्या होत्या. मी बघत होतो ना. पाठ ताठ, नजर सरळ, मनात काहीतरी गुणगुणत असाव्यात असा चेहरा. उदयरावांनी हाक मारली की तेवढ्यापुरतं हँडल डगमगायचं. हाक नसली की अजिबात नाही. हे मला दिसत होतं, पण आरसा दाखवतो, सांगत नाही, ही आमची मर्यादा.

जुलैमध्ये मी विमानाने फ्रान्सला गेलो. मोज्यात गुंडाळून. त्या प्रवासाबद्दल मी बोलू इच्छित नाही. सायकली तिथेच भाड्याने घेतल्या आणि उदयरावांनी मोज्यातून काढून मला त्यातल्या एकीच्या हँडलला घट्ट आवळलं. मोजा काढल्यावर मी जे पाहिलं ते मी कधीच पाहिलेलं नव्हतं. हिरवं. खोबरमध्ये हिरवं असतं ते पाइपने पाणी घालून वाढवलेलं आणि कडेने कापलेलं. इथे ते आपलं आपण वाढलं होतं आणि कुणाच्या बापाला विचारत नव्हतं. एका बाजूला संथ नदी, दुसऱ्या बाजूला मक्याची शेतं, वर अक्रोडाच्या झाडांची सावली, आणि मधून अगदी सपाट, अरुंद वाट. कधीकाळी आगगाडी धावायची ती जागा. जुनी स्टेशनं तशीच होती. कुणीतरी त्यांत घर केलं होतं, फलाटावर कपडे वाळत होते.

आणि माझ्यात काहीच नव्हतं. मागे गाडी नाही, मोटरसायकल नाही, पाठून हॉर्न नाही. तासाभराने एक म्हातारं जोडपं सायकलवरून मागून आलं, "बोंजूर" म्हणून पुढे गेलं. मग बदकांची एक रांग आडवी गेली. वाटेवर गाड्याच नसतील तर सायकलच्या आरशाने करायचं काय? मला पगारी रजेवर पाठवल्यासारखं झालं. पण उदयरावांना रजा माहीत नव्हती. त्यांचं रस्त्याकडे एकदा, माझ्याकडे तीनदा हे चालूच होतं.

आमच्या मंडळींची तिथे काय काय फजिती झाली म्हणून सांगू. खोबरच्या उन्हाची सवय, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या सायकलवर पाण्याच्या इतक्या बाटल्या की गावाकडच्या चढावर सायकली मागे यायला बघत होत्या. आणि त्या खोऱ्यात दर गावात चौकात नळ, थंडगार पाण्याचा. पहाटे ऊन चढायच्या आत निघायचं म्हणून निघाले, तर बाहेर धुकं आणि खोबरच्या मानाने कडाक्याची थंडी, तिघं कुडकुडत परत आत. रविवारी तर कहरच झाला. गावं आली, दुकानं दिसली, पण सगळी बंद. ब्रेड नाही, दूध नाही, चिटपाखरू नाही.

उदयराव एका बंद दुकानाच्या काचेला नाक लावून म्हणाले, "आपल्याकडे जुम्म्यालासुद्धा नमाज झाली की कोपऱ्यावरच्या वाण्याचा बकाला उघडतो. इथे नमाजही नाही आणि दुकानही नाही."

मुग्धा म्हणाली, "बाबा, इट्स संडे. एव्हरीवन इज एन्जॉइंग. एक्सेप्ट अस."

मग नदीकाठी बसून पद्मजाताईंनी डब्यातल्या शेवटच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. खोबरहून आणलेली. पूल त्याच दिवशी होता. चार महिने विचारत होत्या तो. खाऊन झाल्यावर त्या उदयरावांना म्हणाल्या, अगदी शांतपणे, "उदय, आज एक ऐकशील? जरा त्या आरशात बघू नकोस."

"का?"

"तू बघतोस तेव्हा मला कळतं. तुझी मान हलते. आणि तुझी मान हलली की मला वाटतं, आता मी पडणार."

"मी तुझ्याच काळजीने बघतो."

"माहीत आहे रे. तेच तर म्हणते आहे."

"बरं," उदयराव म्हणाले. आणि निघाल्यावर पहिल्यापेक्षा जास्त बघायला लागले. माझ्यात बघायचं नाही असं ठरवून निघालेला माणूस दुसरीकडे बघूच शकत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

थोडं पुढे गेल्यावर वाट रुंद झाली. उदयरावांनी माझ्यात पाहिलं. पद्मजाताई दिसल्या. पुन्हा पाहिलं. दिसल्या नाहीत. मागे नुसती वाट, आणि लांबवर मुग्धा, कानात गाणी घालून डुलत येणारी. ते माझ्याकडे बघतच राहिले. मी काय दाखवणार? माझ्यात नव्हत्या त्या. कारण त्या तेव्हा उदयरावांच्या अगदी शेजारी पोचल्या होत्या. माझ्या कडेच्या बाहेर, हाताच्या अंतरावर. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना पुढे जावंसं वाटलं होतं.

"पद्मजा!" उदयराव मागे वळून ओरडले.

"अरे, समोर बघ!" त्यांच्या डाव्या कानाशी आवाज आला.

उशीर झाला होता. पुढचं चाक कडेच्या दगडावर चढलं आणि सायकल, उदयराव आणि मी चराच्या उतारावरून थेट झुडपांत गेलो. झुडपं साधी नव्हती. खाजकुइली परवडली अशी. ज्या वाटेवर गेले कित्येक तास एक चाकसुद्धा आमच्या मागे लागलं नव्हतं, तिथे त्या खोऱ्यातला दिवसातला एकमेव अपघात सेफ्टीच्या इंजिनिअरला झाला होता. अंगात केशरी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, सगळं नियमानुसार.

मुग्धा आली. कानातली गाणी काढून तिने वरून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हे तुमच्या त्या निअर मिसमध्ये येतं का?" थोडक्यात टळलेल्या अपघाताला रिफायनरीत तसं म्हणतात.

"मिस कुठे झालं," पद्मजाताई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग त्या खाली उतरल्या, आणि उदयरावांचा घोटा बघून हसायच्या थांबल्या. तो वांग्यासारखा सुजला होता. सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं. मी हँडलवरून सुटून गवतात पडलो होतो. माझ्या वरच्या कडेला एक तडा गेला. तो अजून आहे.

घोटा मोडलेला नव्हता, बोटं हलत होती. पण त्यावर उभं राहता येत नव्हतं. रात्रीचा मुक्काम पुढच्या गावातल्या गेस्ट हाउसमध्ये होता. फोन लावला, नुसता वाजत राहिला. रविवार दुपार. मागचं गाव बंद पडलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे कुणीतरी पुढे जाऊन माणूस आणायला हवा होता. आणि पुढे जायचं म्हणजे मध्ये तो पूल.

"मुग्धा जाईल," उदयराव म्हणाले.

"मुग्धा सोळा वर्षांची आहे. परक्या देशात तिला एकटीला पाठवणार नाही," पद्मजाताई म्हणाल्या. "ती तुझ्याजवळ बसेल. मी जाते."

"अगं पण पूल!"

"माहीत आहे."

"उतरून चालत जा. जाकीट नीट घाल. आणि मागून..." उदयराव थांबले. मागून काय येतंय ते सांगायला त्यांच्याजवळ आता काही नव्हतं. मी गवतात पडलो होतो.

"आई, यल्ला!" मुग्धा म्हणाली.

पद्मजाताई निघाल्या. मी गवतात तोंड वर करून पडलो होतो, तरी पडण्याच्या नादात असा फिरलो होतो की आयुष्यात पहिल्यांदा मला मागचं सोडून पुढचं दिसत होतं. त्यात त्या जाताना दिसल्या. पाठ ताठ. मागे बघितलं नाही. लहान होत होत अक्रोडाच्या झाडांपलीकडे गेल्या.

उदयरावांनी मला गवतातून उचललं आणि पुसलं. आणि मग माझ्यात पाहिलं. मागे झाडं सोडून काही नव्हतं, म्हणून त्यांना त्यांचंच तोंड दिसलं. गालावर लाल चट्टे, हेल्मेट वाकडं. एवढे महिने आम्ही एकमेकांसमोर होतो, पण हे तोंड त्यांनी माझ्यात कधी पाहिलं नव्हतं.

"मुग्धा," ते म्हणाले, "त्या दिवशी पार्किंगमध्ये मी आरशात बघितलं होतं."

मुग्धाने मान वर केली. "म्हणजे?"

"सगळ्यांना वाटतं, मी बघितलं नाही. मी बघितलं होतं. दोन्ही आरशांत. ती नव्हती त्यांच्यात. आरशात सगळं येत नाही. मी रोज शंभर ड्रायव्हरांना हेच शिकवतो."

"मग हा आरसा कशाला आणला?"

उदयराव माझी तडा गेलेली कड अंगठ्याने चोळत बसले. मग म्हणाले, "काहीतरी करायला हवं होतं ना."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगतो. मला वाईट वाटलं, स्वतःबद्दल आणि त्यांच्याबद्दलही. हा माणूस इतके महिने माझ्यात डोळे घालून बसला होता, आणि मी पुरेसा नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटायचं, त्याचा माझ्यावर विश्वास आहे. त्याचा कशावरच नव्हता. मुग्धा उदयरावांच्या खांद्याला टेकून बसली. बाटलीतलं पाणी काढून त्यांच्या गालावरच्या चट्ट्यांना लावत राहिली. तेवढं पाणी भरपूर होतं.

दुपार कलली. उदयराव दर थोड्या वेळाने मान उंचावून अक्रोडाच्या झाडांकडे बघायचे. शेवटी शेताच्या कच्च्या वाटेने फटफट आवाज करत एक जुनाट व्हॅन आली. चालवायला गेस्ट हाउसची मालकीण, एक दांडगी बाई, शेजारी कुत्रा, आणि मागच्या सीटवर पद्मजाताई. सायकल व्हॅनच्या टपावर बांधलेली. बाईला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं आणि पद्मजाताईंना फ्रेंच सोडून सगळं. तरी दोघींच्या गप्पा उतरताना चालूच होत्या.

उदयरावांनी घोट्याचं नाव काढलं नाही. विचारलं, "पूल?"

"होता."

"उतरून चाललीस ना?"

"नाही."

"गाड्या होत्या?"

"एक ट्रॅक्टर आणि दोन मोटारी. ट्रॅक्टर मागे होता. तो थांबला होता माझ्यासाठी, मला उशिरा कळलं. पलीकडे गेल्यावर मी हात केला, त्यानेही केला." पद्मजाताईंनी एवढं सांगितलं, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "उदय, मला जमलं. तू बघत नव्हतास आणि मला जमलं."

उदयरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी झुडपांना दोष दिला, पण झुडपं डोळ्यांना लागली नव्हती.

पुढचे दिवस उदयराव पाय बांधून त्या दांडग्या बाईच्या व्हॅनमधून, ती सायकलवाल्यांचं सामान पोचवायची त्याच्याबरोबर, गावोगाव गेले. मायलेकी नदीकाठाने. उदयराव दर मुक्कामी अंगणात खुर्ची टाकून बसायचे, कुत्रं त्यांच्या पायाशी, मी त्यांच्या खिशात. किती वाजता पोचाल म्हणून विचारायला त्यांचा हात फोनकडे जायचा. पहिल्या दिवशी त्यांनी पाच वेळा फोन केला. दुसऱ्या दिवशी दोनदा. शेवटच्या दिवशी फोन आत ठेवून ते बाईंबरोबर घेवड्याच्या शेंगा सोलत बसले. मायलेकी आल्या तेव्हा उदयरावांना शेंगा सोडून उठायलाही वेळ लागला. पद्मजाताईंचं नाक उन्हाने भाजलं होतं आणि त्या एवढ्या खूश होत्या की मला खिशातूनही ऐकू येत होतं.

परत खोबरला यायच्या आधी पद्मजाताईंनी मला मागून घेतलं. "हा मला दे," त्या म्हणाल्या. "इथे त्याचं काही काम नव्हतं. आपल्याकडे गाड्या आहेत."

म्हणून मी आता पद्मजाताईंच्या हँडलवर आहे. तडा गेलेला, पण कामावर. आता माझ्याकडे फारसं कोणी बघत नाही. वळायच्या आधी एकदा, सिग्नलला एकदा, बास. गर्विष्ठ आरशाला हे लागलं असतं. मला नाही लागत. उलट तुम्हाला हात जोडून सांगतो, तुमच्या सायकलला, गाडीला, कशाला आरसा असेल तर त्यात बघा, जरूर बघा, पण बघून झालं की त्याला सोडा. आम्ही अर्धंच दाखवतो, आणि तेही लांब करून. उरलेल्या अर्ध्यात तुमचं माणूस कदाचित तुमच्या शेजारी येऊन पोचलेलं असतं.

नोव्हेंबरात हवा निवली. परवा शनिवारी सकाळी पद्मजाताई पहिल्यांदाच घरापासून कार्निशपर्यंत रस्त्याने निघाल्या. गाड्यांच्या रस्त्याने. एकट्या. उदयराव फाटकापर्यंत सोडायला आले, हातात त्यांचं ते केशरी जाकीट.

"आजचे धोके सांगू का?" त्यांनी विचारलं.

"नको. एकच आहे, फाटकात उभा आहे."

उदयराव हसले, जाकीट परत काखेत मारलं. पद्मजाताई निघाल्या. लगेच मागून एक भली मोठी पांढरी गाडी आली. मी दाखवली, त्यांनी पाहिली, थोड्या कडेला झाल्या, गाडी निघून गेली. मग त्या समोर बघायला लागल्या ते पुन्हा माझ्याकडे वळल्याच नाहीत.

माझ्यात फाटक होतं आणि फाटकात उदयराव. लहान होत चाललेले, आहेत त्याहून लांब. मला वाटलं, हे आता गल्लीच्या वळणापर्यंत टाचा उंचावून बघत राहणार. पण वळण यायला अजून बराच अवकाश होता, तेव्हाच त्यांनी पाठ फिरवली आणि घरात गेले. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, म्हणून हे एवढं फक्त मला माहीत आहे.